पंपाला शेवटी हात लाव

तू फौजेच्या लिलावातून शक्तिमान गाडी उचललीस हे कळलं तेव्हा घरात दोन तट पडले. तुझा बाप म्हणाला, पैसे पाण्यात गेले. मी म्हणालो, गाडी अजून पुष्कळ चालेल, फक्त तिचा डिझेल पंप कुणी उगाच खोलू नये. आता ऐकतो की ती चढाला दम टाकते, सकाळी सुरू व्हायला रडते, आणि तुझा मिस्त्री पंप उतरवायची भाषा करतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि करतोस मिस्त्री सांगेल तेच.

आधी गाडीची जात समजून घे. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर ही गाडी १९५९ पासून जबलपूरला बनू लागली, आधी तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेईकल फॅक्टरीत. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत रसद, दारूगोळा, माणसं हिनंच वाहिली. नव्वदच्या दशकात ती बनायची थांबली आणि तिची जागा स्टॅलियननं घेतली. म्हणजे वयानं सगळ्यात लहान शक्तिमान धरली तरी तिची पंचविशी कधीच उलटून गेली. हिच्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. बिघाड झाला तर तो हातानं, कानानं आणि नाकानं सापडतो. फौजेत तिची रोज विचारपूस व्हायची: निघताना फर्स्ट परेड, थांब्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. लिलावाच्या मैदानात मात्र ती कुणाचीच नसते. तिथं उन्हापावसात उभी राहून रबर कडक होतं, टाकीत पाणी साचतं, गंज सुटतो. इतक्या काळात पंप जागेवर बसून झिजत नाही रे. तो झिजतो चालताना.

आता डिझेलची वाट बघ. टाकीतून निघून ते फीड पंपाकडे येतं. हा छोटा पंप मोठ्या पंपाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि त्याच्यावर हातानं दाबायचा दट्ट्या असतो, तो हँड प्रायमर. फीड पंप डिझेल फिल्टरात ढकलतो, तिथून ते मोठ्या पंपात जातं आणि मोठा पंप ते जाड पोलादी नळ्यांतून एकेका नोझलला देतो. उरलेलं ओव्हरफ्लोच्या नळीनं परत टाकीत. यातला टाकी ते फीड पंप हा टप्पा ओढीचा, पुढचा सगळा ढकलीचा. दोन्हीकडचे रोग वेगळे. ढकलीच्या बाजूला वायसर सैल झाला की डिझेल बाहेर येतं, ओला डाग पडतो, धूळ चिकटते, शेंबडं पोरही दाखवेल. ओढीच्या बाजूला सैल झाला तर इंजिन चालू असताना बाहेर थेंब येत नाही, उलट तिथून हवा आत ओढली जाते. रसवंतीत चिरलेल्या नळीनं रस ओढून बघ. रस सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते. त्यामुळं ‘कुठंच गळत नाही, म्हणजे पंपच गेला’ असं मिस्त्री म्हणाला की त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

एअर धरलेली गाडी ओळखू येते. सेल्फ मारल्यावर सुरू होते, अर्धा मिनिट बरी चालते आणि जीव सोडते. किंवा आयडलवर वरखाली होत राहते, रेस दिली की अडखळते. मोठ्या पंपाला डिझेल दाबता येतं, हवा दाबता येत नाही. हवेचा बुडबुडा पंपाच्या आतल्या दट्ट्यासमोर आकसतो, पुन्हा फुगतो, आणि नोझलपर्यंत दाब पोहोचतच नाही.

एअर काढायची ती टाकीकडून नोझलकडे, क्रमानं. मधेच कुठं सुरू केलंस तर मागची हवा पुन्हा पुढं येणार. प्रायमरचं डोकं फिरवून मोकळं कर. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सैल कर, खाली डबा धर आणि पंप करत राहा. आधी फेस येईल, मग फेसमिश्रित डिझेल, मग अखंड धार. अखंड धार आल्यावर लगेच बंद करू नकोस, आणखी थोडं वाहू दे, मग धार चालू असतानाच स्क्रू आवळ. नंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू, तीच रीत. त्यानंतर प्रायमर खाली दाबून पूर्ण आवळून टाक. तो अर्धवट राहिला तर तिथूनच गळायला आणि हवा ओढायला सुरुवात होते, आणि तू बाकीची लाईन तपासत बसशील. एवढं करून सुरू झाली नाही तर नोझलांवरचे युनियन नट अर्धा आटा सैल करून हेल्परला सेल्फ मारायला सांग. नटाजवळ डिझेल ठिबकू लागलं की आवळ. सेल्फ एका वेळी पंधरा-वीस सेकंदांपुढं मारायचा नाही. मधे मिनिटभर थंड होऊ दे, नाहीतर डिझेलच्या दुखण्यात सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातील.

पण एअर काढणं म्हणजे इलाज नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावी लागली तर ती येते कुठून हे शोधायला हवं, आणि मिस्त्री लोक इथंच आळस करतात. एक पारदर्शक प्लास्टिकची नळी फीड पंपाच्या तोंडाशी हातभर जोड आणि इंजिन चालू करून बघ. बुडबुडे दिसले तर दोष फीड पंपाच्या मागं आहे. मग दुसरी परीक्षा. एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भर, तो इंजिनापेक्षा उंच, पण एक्झॉस्टपासून लांब बांध आणि त्याची नळी थेट फीड पंपाला दे. गाडी या कॅनवर झकास चालली तर पंप, नोझल, फिल्टर सगळे सुटले. टाकी, तिची नळी आणि जोड एवढेच संशयित उरले. ही परीक्षा फुकट आहे आणि तासाभरात होते. पंप उतरवून बेंचवर लावायचा खर्च तुला मिस्त्री सांगेलच.

संशयितांमध्ये पहिला टाकीच्या आतला खालपर्यंत गेलेला पाइप. तो वरच्या अंगाला चिरला असेल तर टाकी भरलेली असताना गाडी गुणी पोरासारखी वागते, आणि डिझेल चिरेखाली उतरलं की हवा ओढते. टाकी अर्धी झाली की किंवा चढावर डिझेल मागं सरकलं की बंद पडते, अशी तक्रार आली की मी आधी हाच पाइप बाहेर काढायचो. दुसरा संशयित रबरी होज. बाहेरून नवा दिसतो, पण आतलं अस्तर सुटलेलं असतं. रेस वाढली, ओढ वाढली की अस्तर चिकटून वाट बंद होते, आणि गाडी थांबवून खोलावं तर सगळं मोकळं. वय झालेले होज बघत बसू नकोस, सरसकट बदल. डिझेलचेच घे, पाण्याचा पाइप कापून लावू नकोस. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक फार कमी, १० पीपीएम. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं भिजलेल्या कडक ओ-रिंगा नव्या डिझेलमध्ये कधी कधी आकसतात आणि जोड झिरपू लागतात. गाडी जुनी, डिझेल नवं, म्हणून रबर एकदा सगळंच नवं करून घे.

नळ्यांच्या जोडावरच्या पोकळ बँजो बोल्टाचे तांब्याचे वायसर जोर लावून आवळून बसत नाहीत, नुसते चेपतात आणि बोल्ट तुटतो. जुना वायसर वापरायची वेळ आली तर चिमट्यात धरून लालबुंद होईपर्यंत तापव आणि पाण्यात टाक. तांबं मऊ होतं, पुन्हा बसतं. ॲल्युमिनियमचा असेल तर फेक. आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा डिंकासारखं काहीही लावायचं नाही. त्याचे तुकडे सुटून आत जातात आणि पुढं जाऊन बसतात. टाकीला टाचणीएवढं भोक पडून वाटेत गळायला लागली तर अंगाचा साबण कोरडाच घासून भोकात दाब, डिझेलनं तो विरघळत नाही. गावापर्यंत पोचशील. गावात आल्यावर मात्र टाकी उतरव.

हँड प्रायमर बोलतो, त्याचं ऐकायला शीक. दाबताना अजिबात जोर लागत नाही आणि डिझेलही पुढं जात नाही, तर हवा आहे किंवा फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय. दाबताना घट्ट लागतो, तर पुढं फिल्टर चोक. वर ओढताना जड जातो आणि सोडला की आपोआप खाली ओढला जातो, तर मागची वाट बंद आहे. सकाळी दोन-चार वेळा प्रायमर मारला की गाडी पटकन सुरू होते आणि मग दिवसभर कुरकुर नाही, असं असेल तर रात्रीत डिझेल परत टाकीत उतरतंय. फीड पंपाचा व्हॉल्व्ह साफ कर, मग मागचे जोड बघ. तुझ्या गाडीचं सकाळचं रडणं मला याच जातीचं वाटतं.

मागची वाट बंद वाटली तर फीड पंपाकडचं टोक सोडून, टाकीचं झाकण उघडून, टायरच्या हातपंपानं हलकी हवा दे. टाकीत बुडबुड आवाज आला की वाट मोकळी. कॉम्प्रेसर लावू नकोस आणि तोंडानं ओढायचं तर नावही काढू नकोस. डिझेल छातीत गेलं तर दवाखान्याची वारी ठरलेली. झाकणाचंही बघ. त्याला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं किंवा कुणी झाकण हरवून चिंधी आणि प्लास्टिक बांधलं, तर डिझेल संपेल तशी टाकीत पोकळी होते आणि दहा-पंधरा किलोमीटरवर इंजिन मरतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं की रोग सापडला. याच एका रोगावर लोकांनी पंप बदललेले मी पाहिले आहेत.

पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून टाकीचा ड्रेन प्लग सकाळी, गाडी हलवायच्या आधी सोडायचा. हलवल्यावर सगळं ढवळून निघतं आणि मग काही कळत नाही. पहिलं लिटरभर काचेच्या बरणीत घे आणि ठेवून दे. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. पाणी आणि डिझेलच्या मधे काळपट, बुळबुळीत साय दिसली तर तिथं जंतू वाढलेत. मग नुसतं पाणी काढून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल, नाहीतर महिन्यात फिल्टर पुन्हा भरतील. पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी भरून ठेव. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री पत्र्यावर पाणी धरते. कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन परत लावायची आपल्याकडे खोड आहे. त्यानं कागद फाटतो आणि फिल्टर फक्त नावाला उरतो. नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरू नकोस. ते गाळलेलं नसतं आणि चुकून स्वच्छ बाजूला पडलं तर थेट पंपात जातं. हातानं प्रायमर मारून भर, दंड दुखतील एवढंच.

रॉकेलबद्दल एकदाच सांगतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं हिवाळ्यात डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतात, म्हणून लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल काढलं, तेव्हा कुठं ती गरज कमी झाली. आपल्या साताऱ्यात डिझेल गोठत नाही. इथं रॉकेल घालतात ते पैसे वाचवायला. पंपाच्या आतल्या दट्ट्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. दट्ट्या आणि त्याच्या नळकांड्यात फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. रॉकेलनं ती कोरडी पडते आणि मग पंप खरंच जातो.

धुराकडे बघायला विसरू नकोस. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल जातंय, जळत नाहीये. मग कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझल. निळसर असेल तर ऑइल जळतंय, त्याचा डिझेलच्या लाईनीशी संबंध नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. इथं सगळे नोझलवर धावतात. आधी एअर क्लीनर उघड. वाटीतलं ऑइल चिखल झालेलं असतं. आणि घाटमाथ्यावर नव्हे, पण हिमालयात उंचावर थोडा काळा धूर येणारच, तिथं हवाच विरळ. त्याला कुणी पंपाचा स्क्रू फिरवायचा नसतो.

एकच सिलिंडर मिस मारत असेल तर आयडलवर एकेका नोझलचा युनियन नट अर्धा आटा सैल करत जा. नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडला तर ते नोझल काम करत होतं. ज्याला सैल करून आवाजात काही फरक पडला नाही, ते झोपलेलं. पण दोष नोझलचा की पंपाच्या त्या दट्ट्याचा हे कळायला ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघ. रोग नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर पुढचा विचार. काढलेल्या नोझलखालचा जुना तांब्याचा वायसर भोकात राहिला नाही ना, हे टॉर्च लावून बघ. त्यावर दुसरा वायसर पडला तर नोझल वर उचललं जातं, फवारा चुकतो आणि कार्बन धरतो. नोझलची सुई आणि तिचं घर जोडीनंच घासलेलं असतं, एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही. पोलादी नळ्या वाकवू नकोस, लांबी बदलू नकोस, त्यांच्या क्लिपा काढून टाकू नकोस.

आता जे सांगतो ते हेल्परलाही वाचून दाखव. नोझल दीडशे बारच्याही वरच्या दाबानं डिझेल सोडतं. तो फवारा हाताच्या कातडीतून आत घुसतो. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर पट्टी बांधून काम चालू ठेवायचं नाही. त्याच घटकेला सर्जन गाठायचा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. नोझल बाहेर लावून फवारा बघायचा असेल तर हात, तोंड लांब. फवारा पुठ्ठ्यावर घ्यायचा आणि आसपास विडी नको.

दुसरी भीती रॅकची, म्हणजे पंपातल्या डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीची. बरीच वर्षं उभ्या गाडीत पंपाचा रॅक गंजून अडकतो. तो भरपूर डिझेलच्या जागी अडकला असेल तर गाडी सुरू होताच रेस वाढत जाते आणि थांबत नाही, इंजिन फुटेपर्यंत. म्हणून पहिला सेल्फ मारायच्या आधी पंपावरचा स्टॉपचा लिव्हर हातानं हलवून बघ, ॲक्सिलरेटरचा लिव्हर सोडल्यावर परत येतो का बघ. हवेच्या तोंडाशी एक माणूस जाड फळी घेऊन उभा कर. सुटलीच तर फळी दाबून धरायची. हात लावायचा नाही, चिंधीही नाही, ती ओढली जाईल. नुसती किल्ली फिरवून ही थांबत नसते.

मग पंप कधी दोषी? गाडी थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर बंद केली की पुन्हा धरत नाही, मागची सगळी लाईन तपासून झालेली आहे, तेव्हा दट्टे झिजलेत असा संशय घ्यायचा. तापलेलं डिझेल पातळ होऊन फटीतून मागं निसटतं. ओलं फडकं पंपावर काही वेळ ठेवून बघ. सुरू झाली तर संशय बळावतो. बादलीनं थंड पाणी ओतू नकोस, पोलाद एकदम आकसून दट्ट्या तिथंच अडकेल. पण दट्ट्यांवर संशय घेण्याआधी ओव्हरफ्लोच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बघ. ती मेली की पंपाला पुरेसा दाब राहत नाही आणि दोष दट्ट्यांवर जातो. दुसरी खूण डिपस्टिक. इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचं सील किंवा पंपाच्या आतून डिझेल उतरतंय. अशा ऑइलवर गाडी चालवू नकोस, बेअरिंग बसतील. ज्या पंपाला ऑइलचं स्वतंत्र घर असतं, त्याचंही ऑइल बघायचं. ते बघायचं असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

शेवटी उतरवायचाच झाला, तर उघड्या जागेवर पंप खोलू द्यायचा नाही. उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा पांढऱ्या रंगानं ठळक कर, नळ्यांना नंबर घाल, प्रत्येक तोंडाला टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक बांध. चिंधी कोंबू नकोस, तिचे धागे आत राहतात. ज्याच्याकडे कॅलिब्रेशनचा बेंच आहे अशाच दुकानात ने, आणि प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं याचे आकडे दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे लिहून माग. नुसतं ‘सेट केला’ म्हणणाऱ्याकडून उठून ये. नोझलसाठी डुप्लिकेट माल घ्यायचं काही कारण नाही, नाशिकला मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात नोझलं बनतात. जुन्यावरचा नंबर वाचून तोच माग. पंप परत बसवल्यावर सेल्फला हात लावायच्या आधी फिल्टरपासून पुन्हा एअर काढ, फळीवाला माणूस उभा कर आणि मगच सुरू कर. दुकानाचं बिल आलं की मला फोटो पाठव, कशाकशाचे पैसे लावलेत ते बघतो.